खिडकीचा पोटखराब

खिडकी म्हणजे जमीन नव्हे, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. तोवर चौतीस वर्षं मी मोजणी खात्यात काढली होती. पहिली बावीस मोजणीची साखळी ओढण्यात आणि उरलेली बारा दुसऱ्यानं ओढलेल्या साखळीकडे संशयानं पाहण्यात. तेलंगणातल्या बोथ, भीमपूर, गुडीहत्नूर या तिन्ही मंडलांत असा बांध सापडायचा नाही, ज्यावर बसून मी डबा खाल्ला नाही. भावाभावांत जुंपली की लोक मला बोलवायचे. मी मोजून दिल्यावरही ते भांडायचेच, पण एकमेकांशी. माझ्या मापाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढची हकीकत वाचून हा माणूस पहिल्यापासूनच असा होता, असा वाचकांचा समज होऊ नये, एवढ्यासाठी सांगतो.

तर विषय पडद्याचा आहे. पण पडद्याच्या आधी कीर्तन सांगावं लागेल, कारण कीर्तन नसतं तर आमच्या खिडकीला आणखी तीस वर्षं कोणी हात लावला नसता.

मला कीर्तन लागतं. कोणाला चहा लागतो, कोणाला तंबाखू लागते, तसं. मृदंगावर पहिली थाप पडली की माझे गुडघे दुखायचे थांबतात. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते हसतात आणि त्याच गोळ्या परत लिहून देतात. बोथच्या आमच्या मारोतीच्या देवळात रामनवमीपासून हनुमान जयंतीपर्यंत सप्ताह असतो. सप्ताह लहान, म्हणून सातही दिवस कीर्तनकार एकच. त्यांचा मुक्काम गावातल्या एका घरी असतो. तो आपल्या घरी असावा, सकाळी त्यांना पाणी तापवून द्यावं, दुपारी पायाशी बसून दोन शब्द ऐकावेत, आणि एखाद्या कीर्तनात सगळ्या गावासमोर त्यांनी आपलं नाव घ्यावं, ही माझी नऊ वर्षांची इच्छा. नऊही वर्षं मुक्काम नागोरावांकडे झाला, कारण नागोरावांकडे एसी आहे.

नागोराव म्हणजे आमचे शेजारी. त्यांचं खता-बियाण्याचं दुकान आहे आणि सप्ताह कमिटीचे सेक्रेटरीही तेच आहेत. माणूस वाईट नाही. फक्त दोन वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या पश्चिमेला गोठा बांधला, त्यावर नवीकोरी टिनं टाकली, आणि मी सहज म्हणून मोजून पाहिलं तर गोठा माझ्या हद्दीत नऊ इंच आला होता. मी ते त्यांना अगदी प्रेमानं सांगितलं, कागदावर आकृती काढून. तेव्हापासून आम्ही हवापाणी, कापसाचा भाव, गुडघे, सगळ्यावर बोलतो. टिनांवर बोलत नाही.

यंदा मात्र देवानं मनावर घेतलं. कीर्तनकार ठरल्या बयनाबाई. पैनगंगेच्या पलीकडच्या, सत्तरीच्या, आणि आवाज असा की माइक बंद पडला तरी मागच्या रांगेला पत्ता लागत नाही. त्यांनी फोनवर कळवलं की मोतीबिंदूचं आपरेशन झालंय, दुपारी दोन तास अंधारात पडायला डॉक्टरांनी सांगितलंय, आणि एसीत मी झोपणार नाही, माझा गळा बसतो. हे ऐकून कमिटीच्या बैठकीत सगळ्यांनी नागोरावांकडे बघितलं आणि मी मनातल्या मनात टाळ वाजवले. होळीनंतरच्या त्या बैठकीत ठराव झाला: मुक्काम माणिकरावांच्या, म्हणजे माझ्या, समोरच्या खोलीत, दुपारच्या उजेडाचा समाधानकारक बंदोबस्त रामनवमीच्या आदल्या दिवसापर्यंत झाल्यास. न झाल्यास सेक्रेटरींच्या घरी, एसी बंद ठेवून. ठराव लिहिणारा हात नागोरावांचाच, त्यामुळे ‘न झाल्यास’ हे शब्द जरा ठळक उमटले.

आता ती खोली. जुनी सागवानी दारं-खिडक्या, जाड भिंती, चैत्रातसुद्धा गार. दोष एकच, पश्चिमेची खिडकी. सहा फूट रुंद, चार फूट उंच, चार झडपांची. वर सज्जा असल्यामुळे ऊन थेट येत नाही. ते येतं नागोरावांच्या टिनांवरून. गोठ्याचा उतार आमच्या बाजूला. दुपारी दीड वाजला की टिनं पेटतात आणि खोलीत असा लखलखाट होतो की भिंतीवरच्या मारोतीरायांनीही डोळ्यांवर हात धरावा. आणि खाट दुसरीकडे सरकवता येत नाही. डोकं पूर्वेला, पाय पश्चिमेला, हीच एक जागा आहे. उलट फिरवली तर पाय देवघराकडे होतात, उत्तरेला डोकं करायचं नसतं, आणि दक्षिणेला करावं तर खाट दारात येते.

माझी बायको आशाबाई म्हणाली, माझं जुनं लुगडं बांधून टाका. तीस वर्षांत तिनं प्रत्येक अडचणीवर हाच उपाय सांगितलाय आणि तीस वर्षांत मी तो एकदाही ऐकला नाही. लुगडं पंख्यानं फडफडतं आणि उजेड चमकत राहतो, वीज चमकावी तसा. आपरेशनच्या डोळ्याला ते अधिक वाईट. नागोरावांनी सुचवलं की काचांना पेपर चिकटवा. मी तेही करून पाहिलं. मग खाटेवर आडवा होऊन बघतो तर समोर सगळं श्रद्धांजलीचं पान, काळ्या चौकटीतले आठ फोटो माझ्याकडे टक लावून बसलेले. रात्री कीर्तन करणाऱ्या बाईनं दुपारी हे बघत पडायचं? पेपर काढला. तो निघताना निम्माच निघाला, बाकीचा आशाबाईनं दोन दिवस खरवडला, आणि त्या दोन दिवसांत माझ्याशी ती फक्त जेवणापुरतं बोलली.

शेवटी आमच्या मुलीनं, मयूरीनं, हैदराबादहून सांगितलं की बाबा, आता गुंडाळीचे पडदे मिळतात, जाड कापडाचे, साखळी ओढली की खाली, साखळी ओढली की वर, आणि फडफडत नाहीत. साखळी हा शब्द ऐकला आणि मला वाटलं, हे आपलं काम आहे.

आदिलाबादच्या दुकानात शेठनं आमच्यापुढे कापडाच्या नमुन्यांचं बाड टाकलं. आमच्या मंडलाची पहाणीची, म्हणजे तिकडच्या सातबाऱ्याची, जुनी वही यापेक्षा पातळ असेल. आशाबाई एकेक तुकडा बोटांत चुरगळून बघायची आणि विचारायची, रंग जाईल का? शेठ म्हणायचे, माजी, ये धोना नहीं है. जे धुवायचं नाही ते घरात आणायचंच कशाला, हा तिचा मुद्दा होता आणि त्याचं उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही. मला भगवा हवा होता. समोरच्या घरातले हर्षदीप मास्तर, जे शाळेत गणित शिकवतात आणि त्यांच्या कामानं आमच्याबरोबर आदिलाबादला आले होते, ते हळूच म्हणाले की काका, भगव्यातून उजेड आला तर खोली भट्टीवानी दिसेल. मग चंदनी रंग ठरला. तीन तास लागले. बाहेर आलो तेव्हा आम्ही तिघंही, लग्नाचा बस्ता बांधून आल्यासारखे, एकमेकांकडे न बघता उसाचा रस प्यालो.

माप मी घरी घ्यायचं आणि शेठना पाठवायचं ठरलं. एका खिडकीसाठी माणूस बोथला पाठवायला शेठ तयार नव्हते. दहा खिडक्या असतील तर येईल, म्हणाले. मी म्हटलं, माणसाची गरजच काय. आणि इथं मी हसलो. ते हसणं मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, गंध लावून, मी खिडकी मोजली. खात्याच्या पद्धतीनं. आधी एकूण क्षेत्र. मग पोटखराब. ज्यांना शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो: शेतात नाला असतो, खडक असतो, पायवाट असते, त्यात पीक येत नाही. म्हणून एकूण क्षेत्रातून तेवढं वजा करायचं, त्याला पोटखराब म्हणतात, आणि उरतं ते लागवडीचं. चौतीस वर्षं हात हेच करत आला. खिडकीत तीन उभी लाकडं, प्रत्येकी तीन इंच. एक आडवं लाकूड, तेही तीन इंच. आता ज्या लाकडातून उजेडच येत नाही त्याच्यावर पडदा घालणं म्हणजे खडकाचा शेतसारा भरणं. मी लाकडं वजा केली. रुंदीतून नऊ इंच, उंचीतून तीन. बाकी काढली, खाली दोन रेघा ओढल्या, सही केली आणि फोटो काढून पाठवला. कापडाचीही बचत झाली याचं समाधान वेगळंच.

संध्याकाळी शेठचा फोन. कागदावर उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असं लिहिलंय, त्यात रुंदी कुठली? मी समजावलं की नकाशात वरची बाजू नेहमी उत्तर असते, म्हणजे उंची ती उत्तर-दक्षिण. ते म्हणाले, “साब, खिड़की जमीन पे पड़ी है क्या?” मी म्हटलं, उभीच आहे. मग त्यांनी रुंदी म्हणून त्रेसष्ट आणि उंची म्हणून पंचेचाळीस, असं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. शेवटी विचारलं, हे आतलं माप की बाहेरचं? मी म्हटलं, खालिस माप है, पोटखराब काट के. ते म्हणाले, ठीक है. न कळलेल्या गोष्टीला ठीक आहे म्हणणारा माणूस धंद्यात फार पुढे जातो, असं माझं निरीक्षण आहे.

फोन ठेवून मी आशाबाईला म्हणालो, बघ, वेळीच विचारलं म्हणून निभावलं, नाहीतर उलटंसुलटं झालं असतं. चूक एकच असते आणि ती सापडली की संपली, असं माणसाला वाटतं.

पडदा हैदराबादहून शिवून, एका ट्रान्सपोर्टनं, रामनवमीच्या तीन दिवस आधी गुडीहत्नूरला आला. मी बसनं आणायला गेलो. गोदामाच्या मुनशीनं पावती बघितली आणि म्हणाला, तुमचा पाइप आहे, एक नग. मी म्हटलं, तो पाइप नाही, पडदा आहे. त्यानं मान हलवली. “कागजपे पाइप है, सार. परदा आपका है, तो आपका माल आयाच नहीं.”

इथं माझी पंचाईत बघा. मी स्वतः चौतीस वर्षं कागदाच्या बाजूनं उभा राहिलेला माणूस. शेतात आंब्याचं झाड डोळ्यांपुढे डोलत असताना कागदावर नाही म्हणून ते नाही, असं मी शेतकऱ्यांना तोंडावर सांगितलंय. त्यातल्या एकेकाचा चेहरा मला त्या गोदामात आठवला. मी मुकाट्यानं बाकावर बसून अर्ज लिहिला: सदरहू पाइप हा माझाच असून, तो पडदा असला तरी माझी हरकत नाही. मुनशीला मराठी वाचता येत नव्हतं. त्यानं अर्ज उलटा धरून शिक्का मारला आणि पाइप सोडला.

सहा फुटी खोका घेऊन बसमध्ये बसायचं म्हणजे कोणाच्या ना कोणाच्या तरी कानाशी तो जाणारच. बोथपर्यंत मी सात माणसांची माफी मागितली. एका म्हातारीनं विचारलं, काय हाय बाप्पा यात? मी म्हटलं, महाराजबाईंसाठी पडदा. तिनं खोक्याला हात लावून नमस्कार केला. त्या एका नमस्कारावर मी त्या दिवशीचा थकवा ढकलला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर हर्षदीप मास्तर ड्रिल घेऊन आले. चौकट जुन्या सागाची; पहिलं पातं तापून निळं झालं, दुसरं तुटलं, तिसऱ्यासाठी मास्तर परत घरी गेले. तेवढ्यात नागोराव येऊन खुर्ची घेऊन बसले आणि सल्ले सुरू झाले. लाकडाला आधी तेल पाजा. तेल नको, मेण लावा. खिळाच ठोकून द्या ना, ड्रिल कायले पाह्यजे. साडेसातला कुठे दोन्ही बाजूंचे पत्ते, म्हणजे पाइप अडकवायच्या लोखंडी पट्ट्या, बसले, आणि बसले ते चौकटीच्या आत, एकमेकांपासून त्रेसष्ट इंचांवर. कारण पडद्याचा पाइप तेवढाच होता. मास्तर मोजपट्टी हातात धरून बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले, पण वडीलधाऱ्या माणसाला एकदम बोलायचा त्यांचा स्वभाव नाही. अंधार पडला होता. मी पडदा खाली ओढला. सुंदर दिसला. मी नागोरावांकडे बघितलं, ते उठून घरी गेले, आणि मी रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसरा दिवस म्हणजे रामनवमीचा आदला. दुपारी कमिटीतर्फे नागोराव पाहणीला आले, वहीसकट. सुट्टी होती म्हणून हर्षदीप मास्तरही आले. दीड वाजला. टिनं पेटली.

पडद्याच्या डाव्या बाजूला साडेचार इंचांची उभी फट, उजव्या बाजूला तेवढीच, आणि खाली तीन इंचांची आडवी. त्या तीन फटींतून उजेड असा घुसला की अख्ख्या खिडकीतून येत होता तेव्हा तो बरा म्हणावा. मधे अंधार असल्यामुळे पट्ट्यांना धार आली होती. डावीकडची पट्टी भिंतीवरून सरकत बरोबर उशीवर येऊन थांबली.

 नागोरावांनी पेनचं टोपण काढलं. मास्तर पुढे झाले, फटी मोजल्या, बोटांवर बेरीज केली. “काका,” ते अगदी हळू म्हणाले, जणू पेपरात नापास झालेल्या पोराच्या बापाशी बोलत आहेत, “लाकडं वजा करायची नव्हती. लाकडं मधात हायत, पन फट बाजूले पडते.”

मी त्यांना पोटखराबाचा नियम सांगू लागलो. अर्ध्यावर मला स्वतःलाच तो ऐकू आला आणि मी थांबलो.

“किती इंच झाले मास्तर?” नागोरावांनी विचारलं.

“रुंदीचे नऊ.”

नागोराव माझ्याकडे वळले. दोन वर्षं त्यांनी हे वाक्य कुठे ठेवलं होतं देव जाणे. “माहे नऊ इंच तुमाले बराबर दिसले, मानिकराव. घरचे नऊ नाई दिसले?”

वहीत त्यांनी काय लिहिलं ते मी बघितलं नाही. ‘न झाल्यास’ हे शब्द मला पाठ होते. नवा पडदा करायला दहा दिवस लागणार होते आणि बाई संध्याकाळच्या बसनं येणार होत्या, पण आल्या दोन तास आधीच, कोणाच्या तरी गाडीतून, आणि सरळ आमच्या दारात उतरल्या. त्यांना ठराव माहीत नव्हता. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पिशवी, पायांत साध्या स्लिपरा. आशाबाईनं पाय धुवायला पाणी दिलं, चहा ठेवला, आणि मी देवळात मंडप बघायचं निमित्त काढून निसटलो. मला त्यांना तोंडावर सांगायचं नव्हतं की तुमचा मुक्काम इथं नाही. नऊ वर्षांनी दारात आलेलं माणूस. त्याची पिशवी उचलून शेजारच्या घरी नेऊन द्यायची. देवळात मृदंग जुळवत होते. माझे गुडघे दुखायचे थांबले नाहीत.

परत आलो तर बाई खाटेवर आडव्या, चष्मा काढलेला, आणि उजेडाची पट्टी त्यांच्या डाव्या गालावर. आशाबाई पदरात तोंड धरून बसली होती. तिनं सगळं सांगून टाकलं होतं; ठराव, श्रद्धांजलीचं पान, पाइप, पोटखराब, काहीही न वगळता. नागोराव पिशवी न्यायला दारात उभे होते.

बाई उठून बसल्या, खिडकीपाशी गेल्या, फटीतून बाहेर बघितलं, डोळा मिटला आणि विचारलं, “हा उजेड कोनाचा हाय?”

मी म्हणालो, सूर्याचा. दुसरं काय म्हणणार?

“सूर्य तं सज्ज्याच्या वर हाय. हा टिनाचा हाय. टिन कोनाचं?”

नागोराव म्हणाले, “माहं हाय, माय.”

“मंग तुमी दोघं मयनाभर खिडकी काऊन झाकून राह्यले? टिन झाका ना.”

 मी नागोरावांकडे बघितलं, नागोरावांनी माझ्याकडे. दोन वर्षांत पहिल्यांदाच आमच्यामध्ये टिन हा शब्द उच्चारला गेला होता, आणि तोही तिसऱ्याच माणसाकडून. मला खरं सांगायला हवं: ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून सुचली होती. फक्त त्यासाठी नागोरावांना काही मागावं लागलं असतं. त्यांनाही सुचली असणार. त्यासाठी त्यांना काही द्यावं लागलं असतं.

बाईंनी त्यांना विचारलं की घरी ताडपत्री आहे का. होती; सोयाबीन झाकायची, चांगली मोठी. “मंग एवढी सेवा करा माही,” बाई म्हणाल्या. साठ वर्षांचे नागोराव त्या उन्हात गोठ्यावर चढले. शिडी मी धरली. वरून ते म्हणाले, दोर द्या. मी दोर दिला. खाली उतरताना त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला, आधारासाठी. खोलीत आलो तर अंधार गार पडला होता आणि बाई झोपल्या होत्या. नागोरावांनी दारातच उभं राहून वहीत एक ओळ खोडली.

सप्ताह सुरू झाला. मी पाणी तापवलं, पाय चेपले, दुपारी दाराबाहेर बसून माश्या आणि शेजारी हाकलले. दोन्ही घरांतून आळीपाळीनं जेवण आलं; हे बाईंनीच ठरवलं. आणि सहाव्या दिवशी संध्याकाळी, मंडप भरलेला, बाया डावीकडे, माणसं उजवीकडे, बाईंनी पूर्वरंग संपवून कमरेवर हात ठेवला आणि दृष्टांताला सुरुवात केली.

“एक सज्जन होते,” त्या म्हणाल्या. “मोठे भाविक. त्यांनी देवासाठी खिडकी मोजली.”

 साखळी, उभी लाकडं, वजाबाकी, सगळं आलं. लोक हसून लोळायला आले होते. मृदंगवाल्यानं थाप द्यायचं सोडून पोट धरलं होतं. मग बाईंनी आवाज खाली आणला. आपण सगळे असंच मोजतो, त्या म्हणाल्या. शेजाऱ्याशी अबोला, तेवढं पोटखराब. सुनेला बोललो, ते पोटखराब. हे वजा, ते वजा. उरलं तेवढं देवाला दाखवतो, की बघ, माझं आयुष्य कसं स्वच्छ आहे. पन बाप्पा, उजेड तर फटीतूनच येते. आणि तो नेमका उशीवर पडते. झोपू देत नाही.

बाया डोळे पुसत होत्या. मीही पुसत होतो. मला तोवर वाटत होतं की आपण बुडालो; पण चौतीस वर्षं ज्या शब्दावर पोट भरलं तो शब्द कीर्तनात जाऊन बसला, हे बघून माझं ऊर भरून आलं. आता फक्त नाव यायचं राहिलं होतं.

“कोनतं गाव, कोन मानूस,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी अगदी मायेनं हात हलवला, “ते काई मी सांगत नाई. भल्या मानसाची लाज राखाव.” आणि त्यांनी टाळकऱ्यांना खूण केली.

नऊ वर्षं. नऊ वर्षं मी या नावाची वाट बघितली होती, आणि ती माउली ते दयेपोटी गिळून टाकत होती. पुढचं मी विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. गुडघे आपोआप सरळ झाले. आशाबाईनं डावीकडून, सगळ्या बायांतून, मला बसायची खूण केली. ती मला स्पष्ट दिसली.

“बाई,” मी उभा राहून म्हणालो, “तो मीच.”

 मग पुढच्या रांगेत कोणीतरी खाकरलं, आणि नागोराव उठून उभे राहिले. वही त्यांच्या काखेतच होती.

“आन् टिनं माहे होते,” ते म्हणाले.

आठशे माणसं हसली. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, हातातले टाळ छातीशी धरले आणि आम्हा दोघांकडे बघितलं.

“बसा आता दोघंबी,” त्या म्हणाल्या. “लागून लागून बसा. पन एकमेकांचा बांध नका कोरू.”

आम्ही बसलो. जागा कमी होती. नागोरावांनी थोडं सरकून मला वाट करून दिली. किती इंच, ते मी मोजलं नाही.